मेण कोठें गेलें?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाचें वर्ष म्हणजे मागें वळून पाहण्याचें वर्ष. या वर्षांत आपण जुन्या वह्या उघडतों, बाप्तिस्म्यांच्या व विवाहांच्या नोंदी वाचतों, ज्यांनीं देवळाच्या भिंती उभारल्या व घंटा टांगली त्यांचीं नांवें आदरानें उच्चारतों. हें योग्यच आहे. आणि तें कार्य आमच्याहून अधिक जाणत्या मंडळींनीं केलें आहे, म्हणून आम्ही त्यांत हात घालीत नाहीं. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें या धर्मग्रामांतील सर्वांत नव्या माणसांविषयीं. ज्यांचीं नांवें त्या वहीच्या अगदीं शेवटच्या पानांवर आहेत, अशा चार, पांच, सहा वर्षांच्या मुलांविषयीं आम्ही बोलणार आहों.

रविवारीं पवित्र मिस्साच्या वेळीं पुढच्या बाकावर घडणारी एक लहानशी गोष्ट आपण सर्वांनीं पाहिली असेल. एखादें मूल आईचा पदर ओढतें, वेदीकडे बोट दाखवितें व विचारतें, ‘आई, मेणबत्ती लहान झाली. मेण कोठें गेलें?’ आई हलक्या आवाजांत म्हणते, ‘जळून गेलें. गप्प बैस, समोर बघ.’ मूल समोर बघतें. समोर तीच मेणबत्ती असते, आणि तिचें मेण अजूनही कोठें तरी जात असतें. परंतु विचारण्याची वेळ संपलेली असते.

त्या आईला आम्ही दोष देत नाहीं. देवळांत शांतता हवीच. आमचें नम्र म्हणणें एवढेंच कीं, देवळाबाहेर आल्यावर, घरीं जातांना वाटेंत, तो प्रश्न पुन्हां उचलला गेला पाहिजे. आणि बहुधा तो उचलला जात नाहीं. ‘जळून गेलें’ हें उत्तर खोटें नाहीं. पण त्या उत्तरानें मुलाच्या हातीं कांहींच लागत नाहीं, केवळ दार लागतें.

आतां या प्रश्नाची योग्यता केवढी आहे, तें पाहूं. इंग्लंडांत मायकल फॅरेडे या नांवाचा एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. लोहाराच्या घरीं १७९१ सालीं जन्मलेला, शाळेचें शिक्षण बेताचेंच लाभलेला, पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी केलेला हा मनुष्य. परंतु १८३१ सालीं त्यानें चुंबकापासून वीज उत्पन्न करण्याचें जें तत्त्व शोधून काढिलें, त्यावर चालणाऱ्या यंत्रांतूनच आज आपल्या दिव्यांची व विरारहून चर्चगेटला धांवणाऱ्या आगगाड्यांची बहुतेक वीज येते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत नाताळच्या दिवसांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याची प्रथा १८२५ सालीं सुरू झाली. फॅरेडेनें स्वतः अशा १९ व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील शेवटची १८६०-६१ च्या नाताळांत झाली. त्या वेळीं त्याच्या वयाचीं ६९ वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि जगभर त्याची कीर्ति पसरली होती. मुलांपुढें त्यानें सहा व्याख्यानें दिलीं. विषय काय निवडला असेल? एक साधी मेणबत्ती. ती कशी जळते, आणि जळून तिचें पुढें काय होतें, एवढेंच. ज्या प्रश्नाची बोळवण आपण दोन शब्दांत करतों, त्यासाठीं त्या वृद्ध पंडिताला सहा व्याख्यानें पुरेशीं वाटलीं कीं अपुरीं, देव जाणे.

त्यांतील कांहीं गोष्टी घरीं सहज पाहतां येण्याजोग्या आहेत, म्हणून येथें सांगतों. ज्योतीच्या उष्णतेनें वरचें मेण वितळतें व तेथें एक लहानशी वाटी तयार होते. ही वाटी कोणी कोरलेली नसते. ज्योतीनें तापलेली हवा वर चढते, तिच्या जागीं खालून गार हवा येते, ती मेणबत्तीच्या कडा थंड ठेविते. म्हणून मधलें मेण वितळलें तरी कड उभी राहते. वाटींतलें पातळ मेण वातींतून वर चढतें. पंच्याचें एक टोंक बादलींत बुडालें व दुसरें बाहेर लोंबत राहिलें, तर पाणी जसें आपोआप पंच्यांत चढतें, तसाच हा प्रकार आहे. वर पोंचल्यावर मेणाची वाफ होते, आणि प्रत्यक्ष जळते ती ही वाफ. याची खूण पाहावयाची असेल तर मेणबत्ती हलकेच फुंकून विझवावी. वातीवरून पांढऱ्या धुराची एक रेघ निघेल. त्या रेघेला, वातीच्या दोन बोटें वर, लगेच पेटती काडी लावावी. ज्योत धुराच्या वाटेनें खालीं उतरते आणि वात पुन्हां पेटते. धूर म्हणून जो आपण हातानें वारून टाकतों, ती न जळलेल्या मेणाची वाफ असते.

ज्योतीचा पिवळा उजेड कशाचा, हेंही पाहावें. थंड चमचा क्षणभर ज्योतींत धरला, तर त्यावर काजळी बसते. या काजळीचे सूक्ष्म कण ज्योतींत असतांना तापून उजळतात, आणि आपण वाचतों-लिहितों तें त्यांच्याच उजेडांत. जें काळें म्हणून आपण भिंतीवरून पुसून टाकतों, तेंच ज्योतींत असेपर्यंत प्रकाश देत होतें.

आणि सर्वांत मोठें नवल पुढेंच आहे. कोरडा, थंड असा कांचेचा पेला ज्योतीच्या जरा वर क्षणभर पालथा धरावा. पेल्याच्या आंतल्या बाजूस दंव जमतें. तें पाणी आहे. आगींतून पाणी निघालें! मेणांत जो हायड्रोजन असतो, त्याचें हवेंतील प्राणवायूशीं मिळून पाणी होतें. आणि जो कार्बन असतो, त्याचा एक अदृश्य वायु होतो. तेव्हां मेण नाहींसें झालें असें म्हणतां येत नाहीं. तें वाफ व वायु होऊन देवळाच्या खिडक्यांतून बाहेर गेलें. बाहेर वाडींत केळीचीं रुंद पानें उन्हांत पसरलेलीं असतात. तीं हवेंतील हाच वायु आंत घेतात, मुळांनीं ओढलेल्या पाण्याशीं त्याची सांगड घालतात, आणि उन्हाच्या बळावर आपलें अन्न करितात. ‘मेण कोठें गेलें?’ असें विचारणाऱ्या मुलाला आपण निःशंकपणें सांगावें कीं, तें बाहेर गेलें, आणि त्याचा एखादा अंश कधीं तरी केळीच्या घडांत तुझ्याकडे परत येईल.

फॅरेडेनें आपलें शेवटचें व्याख्यान मनुष्याच्या श्वासापर्यंत आणून पोंचविलें. आपणही प्राणवायु आंत घेतों. खाल्लेल्या अन्नांतील कार्बन त्याशीं मिळतो, अंगांत ऊब राहते, आणि मेणबत्तीतून निघतो तोच वायु व तीच वाफ आपल्या उच्छ्वासांतून बाहेर पडते. मुलानें आपल्या तळहातावर श्वास सोडून पाहावा. तो उबदार लागतो. थंड आरशावर सोडावा. पेल्यांत जमलें तसेंच दंव जमतें. वेदीसमोर गुडघे टेकलेलें मूल आणि वेदीवरची मेणबत्ती, हीं दोन्ही एकाच हवेवर जगत असतात.

मेण आलें कोठून, हा दुसरा प्रश्न मग येणारच. पुनरुत्थानाच्या रात्रीं पास्काची मोठी मेणबत्ती पेटवून जें घोषणागीत गाइलें जातें, त्यांत मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख आहे. आपण दर वर्षीं तें ऐकतों. पण मधमाशी हें मेण करते तरी कसें, असा विचार आपल्या मनांत क्वचितच येत असेल. कामकरी माशीच्या पोटाखालीं ग्रंथि असतात. त्यांतून मेणाचे बारीक पापुद्रे सुटतात, आणि ते चावून मऊ करून माशी पोळ्याचीं षट्कोनी घरें बांधते. हल्लींच्या बहुतेक मेणबत्त्या मात्र खनिज तेलापासून काढलेल्या पॅराफिनच्या असतात. आणि तें तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीं समुद्रांत जगलेल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून झालेलें आहे. माशीचा मध फुलांतून येतो, फुलें उन्हावर वाढतात. समुद्रांतील ते जीवही उन्हाच्याच आधारानें जगले. दोन्ही वाटा सूर्यापर्यंत जातात. वेदीवर जळतें तें फार जुनें ऊन आहे.

हा विषय फॅरेडेबरोबर संपला असेंही नाहीं. १९९२ सालीं अमेरिकेच्या कोलंबिया या अंतराळयानांत मेणबत्त्या पेटवून पाहण्यांत आल्या. तेथें वजन जाणवत नाहीं, आणि म्हणून तापलेली हवा हलकी होऊन वर चढत नाहीं. तेथील ज्योत निमुळती न राहतां गोल व निळसर झाली. आपल्या घरांतील ज्योतीला जें टोंक येतें, त्यालाही पृथ्वीचें आकर्षण कारण आहे. एवढें एकदां समजलें म्हणजे ज्योतीकडे पूर्वींच्या दुर्लक्षानें पाहणें कठीण होतें.

कोणी म्हणेल, असें सर्व उलगडून सांगितलें तर मुलाचें नवल ओसरून जाईल. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचा विचार करूं. रात्रीं आगगाडींतून वसई रोडहून विरारकडे जातांना खिडकीपाशीं बसलेलें मूल विचारतें, ‘चंद्र आपल्याबरोबर कां येतो?’ वडील हंसून म्हणतात, ‘तसें वाटतें.’ बरोबर आहे. पण तसें कां वाटतें? मुलाला बाहेर पाहावयास लावावें. रुळांजवळचे खांब झपाट्यानें मागें पळतात. दूरच्या घरांचे दिवे सावकाश सरकतात. तुंगारेश्वरचा डोंगर तर फारच मंदपणें मागें पडतो. वस्तु जितकी दूर, तितकी ती कमी मागें पडते. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. त्या अंतरापुढें आपला हा प्रवास म्हणजे कांहींच नव्हे. म्हणून चंद्र मागें पडलेला दिसत नाहीं, आणि जो मागें पडत नाहीं तो सोबत चालला आहे असें आपणांस वाटतें. आतां सांगा, हें कळल्यावर मुलाचा चंद्र लहान झाला कीं मोठा? तो फार दूर गेला व फार मोठा झाला. शिवाय ज्या वडिलांनीं हें समजावून सांगितलें, त्यांनींही कित्येक वर्षांनंतर मान वर करून चंद्राकडे पाहिलें.

उलगडा केल्यानें नवल वाढतें, हें यावरून दिसेल. नवल आटतें तें ‘माहीत आहे’ या दोन शब्दांनीं. वस्तूचें नांव कळलें म्हणजे वस्तु कळली असें मोठ्या माणसाला वाटूं लागतें. ‘ती मेणबत्ती’, ‘तो चंद्र’, ‘ती केळ’, असें म्हणून तो पुढें जातो. डोळे उघडे असूनही त्याला नांवेंच दिसतात. मुलाजवळ अजून नांवें थोडीं आहेत, म्हणून त्याला वस्तु दिसते.

ही दृष्टि केवळ वयाची देणगी आहे, असें मात्र समजूं नये. मूल या जगांत नवें आलेलें असतें. आणि जो कोणी नव्यानें येतो त्याला ती दृष्टि लाभूं शकते. फादर थॉमस स्टीफन्स यांचेंच उदाहरण घ्या. ते १५७९ सालीं गोव्यास आले. येथें पोंचल्यावर त्यांनीं वडिलांस जें पत्र लिहिलें, त्यांत प्रवासांत पाहिलेल्या समुद्रपक्ष्यांचें व माशांचें वर्णन आहे. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती असल्याचें त्यांनीं नमूद केलें. आणि पंडितांनीं या साम्याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला तो त्यानंतर सुमारें २०० वर्षांनीं. पुढें १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत कथा सांगतां सांगतां थांबून त्यांनीं मराठी भाषेची थोरवी गाइली आहे. ज्यांच्या घरांत ही भाषा पाण्यासारखी वाहत होती, त्यांना तिचें विशेष कांहीं वाटत नव्हतें. ज्याला ती एक एक शब्द करून शिकावी लागली, त्याला तिचा सुगंध आला. प्रौढ मनुष्यालाही नवी दृष्टि येऊं शकते, याला आपल्याच परंपरेंतील हा पुरावा पुरेसा आहे. आपणांस मात्र गलबतांत बसून दूर देशीं जावयास नको. घरांतच एक नवागत आहे. त्याचें बोट धरलें म्हणजे झालें.

कित्येक माता म्हणतात, ‘आम्हांला शास्त्र येत नाहीं, मुलाला आम्ही काय सांगणार?’ त्यांना धीर देण्यासाठीं आम्ही एका विदुषीचें नांव सांगतों. अमेरिकेंतील रेचल कार्सन या सागरी जीवांच्या अभ्यासक व नामांकित लेखिका. त्यांनीं १९५६ सालीं एका मासिकांत मुलांच्या विस्मयाविषयीं एक लेख लिहिला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६५ सालीं तो पुस्तकरूपानें निघाला. आपल्या भाचीचें सुमारें वीस महिन्यांचें मूल घोंगडींत गुंडाळून, वादळी रात्रीं, पावसांत, त्या मेन प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेल्या होत्या. अंधारांत लाटा गर्जत होत्या. त्या समुद्राविषयीं त्या बाईंना पुष्कळ ठाऊक होतें व मुलाला कांहींच ठाऊक नव्हतें. तरी त्या रात्रीचा आनंद दोघांना सारखाच झाला. त्यांच्या लेखाचा मथितार्थ असा कीं, मुलाचें उपजत नवल टिकावयाचें असेल तर त्याला निदान एक तरी मोठें माणूस सोबतीला लागतें. आणि त्या सोबत्याला वस्तूंचीं नांवें येत नसलीं तरी बिघडत नाहीं. ज्या बाईचा जन्म शास्त्राभ्यासांत गेला, तीच असें म्हणते, हें ध्यानांत घ्यावें. ‘मला माहीत नाहीं, चल, आपण पाहूं,’ हें वाक्य ज्या आईला बोलतां येतें, तिच्याजवळ मुलाला देण्यासारखें पुष्कळ आहे.

शुभवर्तमानांतील तो प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्यांत मोठा कोण, या प्रश्नांत शिष्य गुंतले असतां प्रभूनें एका बालकाला जवळ बोलावून सर्वांच्या मध्यें उभें केलें. आपण हा प्रसंग नम्रतेचा धडा म्हणून ऐकतों, आणि तो तसा आहेच. पण तें बालक कोठें उभें केलें गेलें, याकडेही पाहावें. एका बाजूस नव्हे, दाराशीं नव्हे, मध्यें. मोठ्यांच्या वादाला तेथें थांबावें लागलें, आणि मोठ्यांच्या नजरेला खालीं वळावें लागलें. दुसऱ्या एका वेळीं मुलांना आणणाऱ्या लोकांस शिष्यांनीं दटाविलें, तेव्हां प्रभूला तें रुचलें नाहीं, असेंही शुभवर्तमान सांगतें. मुलाला गप्प करण्याची घाई फार जुनी आहे.

आतां आम्ही ज्यासाठीं आज उभे राहिलों, त्या मुद्द्यावर येतों. चार वर्षांचें मूल मेणाविषयीं विचारतें. आठव्या वर्षीं तें विचारतें, ‘देव दिसत कां नाहीं?’ बाराव्या वर्षीं विचारतें, ‘आजोबा इतके चांगले होते, मग त्यांना एवढें दुखणें कां आलें?’ आणि सोळाव्या वर्षीं तें कांहींच विचारीत नाहीं. रविवारीं आंत मिस्सा चाललेला असतो आणि हा मुलगा बाहेर आवारांत, झाडाखालीं, मित्रांबरोबर उभा असतो. आईवडील धर्मगुरूंकडे जाऊन सांगतात, ‘फादर, पोरगा आमच्याशीं बोलतच नाहीं.’ या अबोलपणाला वय, संगत, अभ्यासाचें ओझें अशीं अनेक कारणें असतात, हें आम्ही जाणतों. परंतु एक कारण असेंही असतें कीं, तो पूर्वीं बोलत असे तेव्हां त्याचें बोलणें कोणाला पुरतें ऐकतां आलें नाहीं. मूल आधीं मेणाचा प्रश्न घेऊन येतें. तो प्रश्न आपण हातांत कसा घेतों, हें तें पाहून ठेवितें. तो झिडकारला गेला, तर देवाचा प्रश्न, दुःखाचा प्रश्न, मरणाचा प्रश्न घेऊन तें आपल्याकडे येईलच अशी खात्री धरतां येत नाहीं. तें दुसरीकडे जाईल. किंवा तो प्रश्न मनाच्या तळाशीं टाकून देईल, आणि हें अधिक वाईट.

आपल्या वसईच्या पालटलेल्या स्थितीचाही विचार केला पाहिजे. पूर्वीं मुलाला नवल दाखविण्यासाठीं निराळी खटपट करावी लागत नसे. घरामागें बावखल होतें. मृगाच्या पावसांत त्याच्या कांठीं बेडूक गळ्याची पिशवी फुगवून रात्रभर ओरडत. वाडींत केळी होत्या. केळीचें खोड म्हणतात तें एकांत एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचेंच बनलेलें असतें, हें आजोबा विळ्यानें सोलून दाखवीत. केळ एकदांच विते, घड उतरला कीं मरते, आणि तोंवर तिच्या पायथ्याशीं मुनवे वाढीस लागलेले असतात, हें मूल येतां जातां पाही. जन्ममरणाचा पहिला पाठ त्याला तेथेंच मिळे. आतां कित्येक वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या आहेत आणि कित्येक बावखलें बुजलीं आहेत. उरलेलीं राखण्यासाठीं झटणें हें आपलें कर्तव्य आहे. पण तिसऱ्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला तोंवर वाट पाहावयास सांगतां येणार नाहीं.

सुदैवानें नवल तिसऱ्या मजल्यावरही चढून येतें. भिंतीवर मुंग्यांची रांग असते. त्या रांगेवर बोट आडवें घासून पाहावें. मुंग्या तेथें येऊन घुटमळतात, कारण ज्या वासाच्या वाटेनें त्या चालत होत्या ती वाट पुसली गेली. खिडकींतून येणारा उन्हाचा कवडसा सकाळीं एका फरशीवर असतो व तासाभरानें दुसरीवर. तो सरकतो तें पृथ्वी फिरते म्हणून. म्हणजे पृथ्वीचें फिरणें आपल्या घरांतील फरशीवर खडूच्या रेघांनीं मोजतां येतें. यासाठीं एक पैही खर्च होत नाहीं. खर्च होतो तो वेळ, आणि हल्लीं त्याचीच काटकसर चालली आहे.

मोबाईल यंत्राचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. चंद्राचें अंतर तें क्षणांत सांगतें व तें बहुधा बरोबरही असतें. पण मुलानें प्रश्न आपणांस विचारलेला असतो. त्याला अंतर हवें असतें, आणि त्याबरोबर चंद्राकडे पाहणारें दुसरें माणूसही हवें असतें. उत्तर यंत्रांतून काढावयाचें असेल तर खुशाल काढावें. परंतु आधीं दोघांनीं मिळून खिडकीबाहेर पाहून घ्यावें.

आजीआजोबांस आमची वेगळी विनंती आहे. वारा फिरला कीं पाऊस केव्हां येईल, भरती कोणत्या वेळीं चढेल, विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत उतरतें, हें ज्यांना अनुभवानें ठाऊक आहे, अशीं माणसें आतां या गांवांत थोडीं उरलीं आहेत, आणि तीं बहुतेक तुमच्याच वयाचीं आहेत. नातवंडाला वेळ नाहीं असें म्हणूं नका. त्याला हात धरून किल्ल्याकडे, समुद्राकडे, उरलेल्या एखाद्या बावखलाकडे न्या. तुमचे पाय मंद चालतात आणि मुलाचे पाय लहान आहेत. दोघांची चाल जुळते.

शेवटीं, या महोत्सवी वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एक लहानसें काम करावें, अशी आमची सूचना आहे. एखाद्या संध्याकाळीं रोजरीच्या प्रार्थनेनंतर घरांतील दिवे मालवावे. मेजावर एक मेणबत्ती, एक चमचा, एक कांचेचा पेला व काडेपेटी ठेवावी. काडी मोठ्या माणसानें ओढावी, आणि ज्योतीपाशीं मोठ्याचाच हात असावा. मग मुलाला बोलूं द्यावें. मेणबत्ती बोटभर जळेपर्यंत कोणीं उठूं नये, कोणीं घड्याळ पाहूं नये. मूल जें विचारील त्यांतलें जें येत असेल तें सांगावें, जें पाहतां येण्यासारखें असेल तें पाहावें, आणि जें राहील तें एका वहींत मुलाच्या नांवासह व तारखेसह लिहून ठेवावें. देवळाच्या वहींत मुलाचें नांव आपण नोंदविलें आहे. घरच्या वहींत त्याचे प्रश्न नोंदवावे. दर नाताळांत ती वही उघडून एखाद्या जुन्या प्रश्नाचा नव्यानें विचार करावा. तें मूल मोठें होऊन याच बाकावर आपलें मूल घेऊन बसेल, तेव्हां ती वही त्याच्या हातीं पडली म्हणजे आपला बाप आपलें म्हणणें लिहून घेत असे, एवढें त्याला निश्चित कळेल.